पातेल्यातला भात आणि पानातला भात

लग्नसराईत दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला सांगलीतल्या कुठल्याही मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला जाऊन बघा. वऱ्हाड पांगलेलं असतं, वाढपी पोरं उलट्या घातलेल्या बादल्यांवर बसून स्वतःचं जेवण उरकत असतात आणि आचारी एकेक झाकण उचलून पातेल्यात डोकावत असतो. मसालेभात अर्धं पातेलं. आमटी दोन बादल्या. जिलेबीची परात निम्मी. मठ्ठा संपलेला; तो नेहमीच आधी संपतो. मग आचारी फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला येतो, "अण्णा, पातेल्यातलं आहे ना? ताटातलं नाही ना?"

प्रश्न स्वच्छतेचा वाटतो, आणि आहेही. पण त्याच्या पोटात बराच जुना हिशेब आहे. पातेल्यातलं ते उरलेलं, पानातलं ते उष्टं. मराठीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बेघरांसाठी जादा अन्न, कपडे, भांडीकुंडी गोळा करायचं काम सांगली-मिरजेत अलीकडे नजरेत भरायला लागलं, म्हणून ते व्हॉट्सअॅपच्या जमान्यातलं समजलं जातं. त्याची गोष्ट त्याहून बरीच मागे सुरू होते.

देण्याच्या दोन रीती आपल्याकडे शेजारी शेजारी नांदल्या. एक जेवणाआधीची. गाईचा, कावळ्याचा, दारी येईल त्याचा घास आधी बाजूला निघायचा. वार लावून जेवणाऱ्या मुलाला घरातल्यांबरोबर पान मिळायचं, माधुकरी मागणाऱ्याच्या झोळीत ताजं पडायचं. हा मान ठरावीक जातींपुरता होता, हे विसरून या प्रथांचं कौतुक करू नये. दुसरी रीत जेवणानंतरची. गावकीची कामं करणारा येसकर संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी गोळा करायचा. म्हणायला तो त्याचा हक्क होता, पण पदरात पडायचं ते शिळं, उरलंसुरलं, तेही वरून टाकलेलं. म्हणजे केलेल्या कामाची मजुरीच, फक्त भिकेच्या रूपात.

१९२७ सालच्या दोन तारखा इथे जवळजवळ ठेवून बघण्यासारख्या आहेत. १९ आणि २० मार्चला महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना जे जे सोडायला सांगितलं, त्यात लोकांनी टाकलेले शिळे तुकडे खाणंही होतं. त्याच्या तीनच आठवडे आधी, २५ फेब्रुवारीला, महात्मा गांधी साताऱ्यात होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहाला त्या दिवशी त्यांच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नाव दिलं गेलं. या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. इतकी तोंडं भरायची कशी? कोठीत धान्य नव्हतं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. दुसरी तजवीज म्हणजे मुष्टिफंड. घरातल्या बाईनं रोजच्या धान्यातली एक मूठ आधी वेगळी काढून ठेवायची, आणि साठलेलं धान्य बोर्डिंगात जायचं.

माझ्या मते आजच्या सगळ्या खटाटोपाची कळ या मुठीत आहे. मुष्टिफंडातलं धान्य उरलेलं नव्हतं. ते आधी काढलेलं होतं, आणि ते ज्या पंगतीला शिजायचं तिथे कोणाच्या जातीची चौकशी नव्हती. जेवणाआधीची रीत पहिल्यांदाच सगळ्यांसाठी खुली झाली ती आपल्या या भागात. जादा अन्न वाचवणारे आज जे करतात ते या दोन रीतींच्या मधलं आहे. अन्न येतं जेवणानंतरच, पण त्याला जेवणाआधीच्या अन्नाचा मान मिळावा म्हणून त्यांची सगळी धावपळ चाललेली असते.

मधला काळ भराभर ओलांडू. १९७२ च्या दुष्काळात जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात उरलेल्या अन्नाचा प्रश्नच नव्हता, अन्नाचाच होता. त्या पिढीच्या तोंडी अजून दोन शब्द आहेत, मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी. सुकडी हा कोरडा, पौष्टिक खाऊ दुष्काळी कामावरच्या माणसांना आणि पोरांना मिळायचा. खडी फोडणाऱ्याच्या हातात ती कामाबरोबर पडायची, त्यामुळे ती खाल्ल्याचं सांगताना म्हातारी माणसं लाजत नाहीत. उलट, "सुकडीवर वाढलोय आम्ही" असं मिशीला पीळ देऊन सांगतात.

बेघर माणसाकडे बघायची सरकारची नजर मात्र वेगळ्याच वाटेनं गेली. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आहे, तसाच बेघरांना आसराही आहे. बाबा गेले १९५६ मध्ये. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही त्याच्या व्याख्येत बसतो. त्याला पकडून एक ते तीन वर्षं डांबून ठेवायची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तिथल्यापुरती या कायद्याची बरीच कलमं रद्द ठरवली; महाराष्ट्रात कायदा आहेच. गाडगेबाबांचा फोटो भिंतीवर आणि हा कायदा कपाटात, अशी कचेरी आपल्याकडे विरळा नाही.

वारं फिरलं ते सर्वोच्च न्यायालयातून. २००१ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं अन्नाच्या हक्कासाठी याचिका केली होती. २०१० च्या जानेवारीत, दिल्लीतल्या कडाक्याच्या थंडीत रस्त्यावरच्या माणसांचा विषय याच याचिकेत पुढे आला आणि मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असे आदेश निघाले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं, त्यात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची वेगळी योजना आली. दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, असं तिचं माप होतं. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५ लाख २ हजार होती. म्हणजे पाचशे माणसांची सोय. साताऱ्याची होती १ लाख २० हजार, तिथे शंभरेक. जिल्ह्याची ठिकाणं या योजनेत आली, म्हणून हा विषय मुंबई-पुण्यापुरता न राहता आपल्या नगरपालिकांच्या टेबलावर आला.

त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली. आकडा आला १७ लाख ७३ हजार, त्यातले ९ लाख ३८ हजार शहरांतले. एका रात्रीत किती जण सापडणार? मिरजेचं उदाहरण घ्या. जंक्शन असल्यामुळे फलाटावर निजणारा माणूस उद्या कुर्डुवाडीला असेल नाहीतर बेळगावला. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. विजापूर, अथणीकडून आलेल्या पेशंटचे नातेवाईक आठ-आठ दिवस दवाखान्याच्या आवारात नाहीतर फुटपाथवर पथारी टाकतात. त्यांना घर आहे, पण इथे नाही. ऊसतोडीच्या टोळ्या तर हंगामभर फडाशेजारी खोपीत. यातला कोण बेघर आणि कोण नाही, हे जनगणनेला ठरवावं लागतं. भाताचं पातेलं घेऊन निघालेल्याला लागत नाही.

पातेलं घेऊन निघायची ही पद्धत जगात कुठून आली, तेही थोडक्यात. अमेरिकेत फिनिक्स शहरात १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी काढली. किराणा दुकानाच्या कचरापेटीतून अन्न वेचून मुलांना खाऊ घालणाऱ्या एका बाईनं त्यांना ती कल्पना दिली, असं सांगतात. आपल्याकडे २०१४ मध्ये दिल्लीत रॉबिन हूड आर्मी सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुंबईच्या डबेवाल्यांनी रोटी बँक काढली, आणि मग गावोगावच्या तरुण मंडळांना ही कल्पना आपलीच वाटायला लागली. वाटणं साहजिक होतं. मंडळांकडे टेम्पो असतो, पोरं असतात आणि आचाऱ्याचा नंबर असतो.

बुफेनंही हातभार लावला. पंगतीत आग्रह करकरून पातेली रिकामी केली जायची आणि नासाडी पानात व्हायची. बुफेत शेवटच्या पाहुण्यालाही काउंटर भरलेला दिसायला हवा, नाहीतर मुलीच्या बापाची बोलणी खावी लागतात. म्हणजे पंगतीत जे उष्टं झालं असतं त्यातलं काही आता उरलेलं राहतं. पहिलं कोणाला देता येत नाही, दुसरं येतं. (बुफेच्या ताटात टाकलेलं वाया जातं ते निराळंच.)

हे अन्न उचलणाऱ्यांचं ज्ञान अस्सल आचाऱ्याच्या तोडीचं असतं. मसालेभात रात्रीपर्यंत टिकतो, मात्र झाकण घट्ट लावून गरम ठेवला तर आत पाणी सुटतं आणि आंबतो. म्हणून आधी परातीत पसरून वाफ जाऊ द्यायची. ओलं खोबरं घातलेली भाजी पहिल्यांदा हात टेकते. बासुंदी उन्हाळ्यात घ्यायचीच नाही. बुंदी, जिलेबी निर्धास्त. आणि वाटपाआधी आणणाऱ्यानं स्वतः दोन घास खायचे, हा नियम मी पाहिलेल्या प्रत्येक गटात होता. २०१९ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं जादा अन्नाच्या वाटपासाठी नियमावली काढली, ती जुलै २०२० पासून लागू झाली. अन्न कोणी दिलं, कधी शिजलं, कधीपर्यंत खाण्याजोगं, शाकाहारी की मांसाहारी, याची नोंद हवी. कागदावर चिकटपट्टीनं लावलेली ती चिठ्ठी म्हणजे तोच जुना प्रश्न, ताटातलं नाही ना, आता सरकारी भाषेत.

अन्नाचं एक बरं असतं, ते संपतं. वस्तूंचं तसं नाही. जुन्या वस्तूंची आपली व्यवस्था मुळात दानाची नव्हतीच. जुनं लुगडं फाटलं की वाकळीत जायचं, वाकळ विरली की पोतेऱ्यात. जे घरात जिरायचं नाही ते बोहारणीकडे. ती दारात बसून साड्या उलगडून उजेडाला धरायची, जरीची किनार बोटानं घासून बघायची आणि चार साड्यांवर स्टीलचं पातेलं द्यायला निघाली की घरातली बाई पाचव्या साडीऐवजी झाकणीसुद्धा मागायची. त्या घासाघिशीत कोणी कोणावर उपकार करत नव्हतं. अन्शू गुप्ता यांनी १९९९ मध्ये जुने कपडे गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणारी गूंज ही संस्था सुरू केली तेव्हा त्यांनीही हेच धरलं, की कपडा हा कामाच्या मोबदल्यात जावा, भीक म्हणून नाही.

मोफत द्यायचं ठरलं की काय होतं ते सांगलीनं ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिलं. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. काही दिवसांसाठी अर्धं शहरच बेघर झालं. राज्यभरातून ट्रक आले. भाकरी, बिस्किटं, पाणी, सतरंज्या. त्या मदतीचे उपकार फिटणार नाहीत. पण त्याच ट्रकांतून चेन तुटलेल्या पँटी, लग्नातले कोट, एकेक बूट आणि विरलेल्या साड्यांची गाठोडीही उतरली. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या एका कडेला पुरानं नासलेल्या गाद्या नि कपाटं, आणि दुसऱ्या कडेला कोणी न उचललेले कपडे, असं चित्र मी डोळ्यांनी पाहिलं. एका शाळेच्या वर्गात ढिगापुढे उभी राहिलेली एक मावशी म्हणाली, "घर बुडालंय बाळा, अब्रू न्हाई." तिला हवा होता नवा परकर आणि सॅनिटरी पॅड. ढिगात दोन्ही नव्हतं.

तेव्हापासून इथल्या शहाण्या गटांनी "जे असेल ते द्या" म्हणणं बंद केलं आणि यादी करायला सुरुवात केली. उघड्यावर राहणाऱ्याला सामान ठेवायलाच जागा नसते, म्हणून चादर, चप्पल, प्लास्टिकचा कागद, झाकणाची बादली एवढंच. निवाऱ्यात काही महिने काढून जो भाड्याची खोली घेतो त्याला मात्र एकदम सगळं लागतं: गॅसची शेगडी, दोन पातेली, तवा, गादी, दोरी. जुनं सामान खरं कामी येतं ते इथे.

लॉकडाऊननं शिकवलेलं आणखी एक. २५ मार्च २०२० नंतर कार्यालयं बंद, खाणावळी बंद. उरणारं अन्नच थांबलं आणि उपाशी माणसं वाढली. त्या वर्षी २६ जानेवारीला सुरू झालेली शिवभोजन थाळी, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, १० रुपयांची ५ रुपयांवर आली आणि तिनं बऱ्याच जणांना तगवलं. ती शिजवलेलीच त्यांच्यासाठी होती, कोणाच्या उरण्यावर अवलंबून नव्हती.

उरण्यावर अवलंबून राहण्यातली अडचण तशी दरवर्षीच येते, फक्त तिची बातमी होत नाही. दाट तिथीला दहा कार्यालयांतून फोन येतात आणि एवढा भात न्यायचा कुठे हा प्रश्न पडतो. मग देवशयनी एकादशी येते. लग्नं बंद, ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मध्ये गणपतीचे महाप्रसाद सोडले तर आचाऱ्याचा फोन वाजत नाही. पाऊस लागतो, फुटपाथ ओले होतात, कृष्णेकडे डोळे लागतात, रोजंदारी बुडते. भूक सगळ्यात जास्त असते तेव्हाच पातेली रिकामी.

माझ्या ओळखीच्या एका कॉलनीतल्या बायकांनी यावर पत्र्याचा डबा ठेवलाय. महिन्याचं वाणसामान आलं की डब्यात भरायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या पिशवीतलं थोडं त्यात टाकायचं; तांदूळ, तूरडाळ, चटणी, तेलाची पिशवी. मुष्टिफंड हा शब्द त्यांच्यातल्या एकीलाच माहीत होता, तिचे वडील भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत मास्तर होते. गेल्या आषाढात डबा उघडला तर निम्मा साबुदाणाच निघाला. आठवड्यावर एकादशी होती. निवाऱ्यातल्या स्वयंपाकाच्या काकी म्हणाल्या, "दाण्याचं कूट कोण देणार आता?"