आफ्रिकन स्टडीज की आफ्रिकाना स्टडीज? फॉर्म भरायच्या आधी एवढं वाचा

साताऱ्यातली बीए-एमएवाली पोरं आता बाहेरच्या युनिव्हर्सिटीचे फॉर्म भरायला लागलीत हे झकासच झालं, पण 'आफ्रिकन स्टडीज' आणि 'आफ्रिकाना स्टडीज' हे एकच समजून दोन्हीकडं तोच एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा निबंध) चिकटवतात आणि मग नकार का आला ते कळत नाही. एजंटला विचारून उपयोग नाही, त्याला एमबीए आणि डेटा सायन्सच्या पुढं काही दिसत नसतंय, सोडा.

आफ्रिकन स्टडीज म्हणजे आफ्रिका खंडाचा अभ्यास, ५४ देश, दोन हजारांच्या आसपास भाषा, तिथली शेती, धर्म, राज्यकारभार, संगीत सगळं त्यात येतं. स्वाहिली, हौसा, योरुबा असली एखादी भाषा बहुतेक ठिकाणी शिकायला लागते आणि पीएचडीला शक्यतो तिकडं जाऊन राहावंच लागतं. पण हा विषय वाढला तो सरकारांच्या गरजेतून. लंडनचं सोआस (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) १९१६ ला निघालं ते साम्राज्य चालवायला तिकडच्या भाषा जाणणारी माणसं पाहिजेत म्हणून, नावात आफ्रिका १९३८ ला आली. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत मानवशास्त्रज्ञ हर्स्कोविट्स यांनी १९४८ ला प्रोग्रॅम सुरू केला, पण पैशाची गंगा वाहिली ती रशियानं स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर, परदेशी भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला पैसा देणाऱ्या १९५८ च्या कायद्यानं. आपल्याकडं दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून आणि मुंबईला कलिनात १९७१ पासून हा विषय आहे.

आफ्रिकाना स्टडीज (कुठं ब्लॅक स्टडीज, कुठं आफ्रिकन-अमेरिकन स्टडीज, पाट्या वेगवेगळ्या) सरकारनं काढलेलं नाही, पोरांनी भांडून घेतलंय. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ संप चालला, पोलीस कॅम्पसवर आले, धरपकड झाली आणि शेवटी ब्लॅक स्टडीजचं डिपार्टमेंट मिळालं. कॉर्नेलचं आफ्रिकाना सेंटर त्याच १९६९ चं. इथं मुख्य विषय खंड नाही, गुलाम करून नेलेली माणसं आणि त्यांचे वंशज, अमेरिकेत, कॅरिबियनमध्ये, ब्राझीलमध्ये, आणि बघायचं त्यांच्या बाजूनं. त्याच वर्षी मॉन्ट्रियलला आफ्रिकन स्टडीजवाल्यांच्या परिषदेत कृष्णवर्णीय अभ्यासकांनी गोऱ्या प्रोफेसरांना तोंडावर विचारलं की आमच्या खंडाचे मालक तुम्ही कधी झालात, म्हणजे ही दोन घरं भांडून वेगळी झालेली आहेत.

आता एकच गोष्ट दोघं कशी बघतात ते बघा. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर गल्ला म्हणून लोक आहेत, त्यांच्या पूर्वजांना गुलाम करून आणलं आणि भातशेतीला जुंपलं. आफ्रिकन स्टडीजवाला उठून सिएरा लिओन, गिनीच्या किनाऱ्यावर जाणार, खारफुटीच्या दलदलीत बांध घालून, खारं पाणी अडवून भात कसा लावतात, बांध पुरुष घालतात का, बी कोण राखतं, हे तिथल्या भाषेत विचारत बसणार. आफ्रिकानावाला साउथ कॅरोलिनातच राहणार आणि विचारणार की त्या भातावर श्रीमंत कोण झालं, १८६५ ला गुलामी संपल्यावर जमीन कुणाच्या नावावर लागली, आणि नंतर सातबारा न फुटलेल्या वाडवडिलांच्या जमिनी रिसॉर्टवाल्यांच्या घशात कशा गेल्या. हा दुसरा प्रश्न आपल्याला लगेच समजतो, जिल्ह्यात ज्याच्या चुलत्यानं वाटणीची केस लढवलीय त्याला जास्तच.

हार्वर्डसारख्या ठिकाणी दोन्ही एकाच डिपार्टमेंटात आहेत, तिथं पाटी बघून काही कळत नाही, प्रोफेसर लोक कशावर काम करतात ते वाचायला लागतं.

आपल्या मातीतले दोन धागे सांगतो. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुका. त्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं, आणि मुंबईत १९७२ ला दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं बघून. ह्यावर काम करायचं असेल तर सरळ आफ्रिकानाकडं जा, आफ्रिकन स्टडीजवाले म्हणतील ह्यात आफ्रिका कुठंय, आणि त्यांचं बरोबरच असेल.

दुसरा धागा जंजिऱ्याचे सिद्दी, म्हणजे मूळचे आफ्रिकेतले. सिद्दी सात नावाच्या सरदारानं १७२७ ला चिपळूणजवळचं परशुराम मंदिर फोडलं म्हणून पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी घाट चढून साताऱ्याजवळच्या धावडशीला आले, हे साताऱ्यात शाळकरी पोरगंही सांगेल, पण ही हबशी माणसं मुळात कुठून आणि कशी आली हे कुणी विचारत नाही. हा विषय दोघांच्याही मधोमध पडतो. आफ्रिकानाचा जीव अटलांटिकमध्ये अडकलेला, त्यांना हिंदी महासागर उशिरा सुचला, म्हणून माझं मत विचाराल तर ह्यासाठी आफ्रिकन स्टडीजच बरं, पण हिंदी महासागरावर काम करणारा गाईड असेल तरच. आणि एसओपीत मराठी येते, मोडी वाचता येते हे वरच लिहा. मोडी येत नसेल तर ॲडमिशनच्या आधी शिकून घ्या, कारण सिद्दी-मराठ्यांच्या भांडणाचे मराठी कागद त्यातच आहेत आणि लंडनच्या पोराला ते वाचता येणार नाहीत.