फसलेल्या मृत्युकिरणांचा वंशवृक्ष

जानेवारी 1935 मध्ये ब्रिटनच्या हवाई मंत्रालयातील विज्ञान संशोधन संचालक हॅरी विम्परिस यांनी रेडिओ संशोधन केंद्राचे प्रमुख रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना विचारले, की शत्रूच्या विमानातील माणसांना जमिनीवरून सोडलेल्या रेडिओलहरींनी निकामी करणे शक्य आहे काय. वॉटसन-वॉट यांनी हा प्रश्न आपले सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांच्याकडे सोपवला, मात्र थोडा वेश पालटून: पाच किलोमीटर दूर आणि एक किलोमीटर उंचीवर असलेल्या आठ पाइंट पाण्याचे तापमान 98 अंश फॅरनहाइटवरून 105 अंशांवर न्यायचे असेल, तर किती शक्तीचा प्रक्षेपक, म्हणजे रेडिओलहरी सोडणारे यंत्र, लागेल? आठ पाइंट म्हणजे साधारण साडेचार लिटर, म्हणजेच माणसाच्या अंगातील रक्ताएवढे द्रव. 98 अंश हे निरोगी शरीराचे तापमान आणि 105 अंश म्हणजे माणूस ग्लानीत जाईल असा ताप. हे पाणी कोणाचे, हे विल्किन्स यांच्या लगेच लक्षात आले.

जबाबदार मंत्रालयाला असा प्रश्न का पडावा, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. एच. जी. वेल्स यांच्या 1898 च्या कादंबरीतील मंगळवासी उष्णतेच्या किरणाने माणसे आणि तोफा क्षणात भस्म करतात, आणि तेव्हापासून ‘मृत्युकिरण’ ही कल्पना कथा-कादंबऱ्यांत व वृत्तपत्रांत रुळलेली होती. 1924 मध्ये हॅरी ग्रिंडेल मॅथ्यूज या इंग्रज संशोधकाने आपल्याकडे असा किरण असल्याचा दावा केला आणि दुरून एक इंजिन बंद पाडून दाखवले. मात्र मंत्रालयाने आपल्या पसंतीचे इंजिन आणून त्यावर प्रयोग करण्याची अट घालताच तो मागे हटला. 1934 मध्ये खुद्द निकोला टेस्ला यांनी, वयाच्या 78 व्या वर्षी, अडीचशे मैलांवरून दहा हजार विमाने पाडणाऱ्या यंत्राची घोषणा केली. शंभर यार्डांवरील मेंढी मारून दाखवणाऱ्यास एक हजार पौंड देण्याची तयारी हवाई मंत्रालयाने ठेवली होती, असे अनेक इतिहासकार नोंदवतात. त्यातच स्टॅनली बाल्डविन यांनी नोव्हेंबर 1932 मध्ये पार्लमेंटात सांगून टाकले होते, की बॉम्बफेकी विमान शेवटी पोचणारच, त्याला अडवणारी शक्ती जगात नाही. जर्मनी नव्याने शस्त्रसज्ज होत असताना कोणत्याही सरकारला केवळ हसून हा विषय सोडून देता येत नव्हता. जर्मनांकडे खरोखरच असा किरण असला तर काय, ही भीती त्यामागे होती.

विल्किन्स यांचे गणित आपणही करून पाहू शकतो. साडेचार लिटर पाण्याचे तापमान सात अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे 3.9 अंश सेल्सियसने, वाढवायला अंदाजे 74 किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि ती दहा मिनिटांत द्यायची म्हटली तर शरीरात सतत 120 वॉटहून थोडी अधिक शक्ती मुरली पाहिजे. हा आकडा एखाद्या जुन्या दिव्याएवढाच आहे. पण प्रक्षेपकातून निघालेली लहर चहूबाजूंना पसरते, आणि पाच किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे 31 कोटी चौरस मीटर भरते. वैमानिकाच्या देहाचा त्यातील वाटा एक चौरस मीटर धरला आणि त्यावर पडलेली सर्व ऊर्जा शरीरात मुरली असे उदारपणे मानले, तरी प्रक्षेपकाची शक्ती 39,000 मेगावॉट हवी. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॉट आहे. म्हणजे एका वैमानिकाला ताप आणण्यासाठी वीस कोयना लागतील. शिवाय ताशी दोनशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान त्या दहा मिनिटांत 33 किलोमीटर पुढे गेलेले असेल, आणि त्याची धातूची अंगे बऱ्याच लहरी परतवून लावतील ते वेगळेच.

लहरी एकवटून झोत करता येणार नाही का, अशी शंका येणे रास्त आहे. झोत किती अरुंद करता येतो हे तरंगलांबी आणि अँटेनाची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरते. तरंगलांबी दहा मीटर आणि अँटेना शंभर मीटर रुंद असेल, तर झोत पाच किलोमीटरवर सुमारे पाचशे मीटर रुंद होतो. तेवढ्या वर्तुळात आपले 120 वॉट प्रति चौरस मीटर भरायचे तर चोवीस मेगावॉटची निरंतर शक्ती आणि विमानामागे वळत राहणारा शंभर मीटरचा सांगाडा पाहिजे. त्या काळातील मोठी नभोवाणी केंद्रे शे-दीडशे किलोवॉटवर चालत असत. हे गुणोत्तर वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण या लेखातील जवळजवळ प्रत्येक यंत्राचे भवितव्य त्यानेच ठरवले आहे.

विल्किन्स यांचे उत्तर अर्थातच नकारार्थी होते. मग हवाई मंत्रालयाला आपण दुसरी कोणती मदत करू शकतो, असे वॉटसन-वॉट यांनी विचारले. टपाल खात्याच्या अभियंत्यांनी नोंदवलेली एक तक्रार विल्किन्स यांना तेव्हा आठवली: जवळून विमान गेले की अतिलघुलहरींवरील संदेशग्रहणात थरथर येते. विमानाला इजा करायला किलोज्यूल लागतात. विमानावरून परतलेली लहर ओळखायला मात्र संवेदनशील ग्राहकाला वॉटचा अतिसूक्ष्म अंश पुरतो. 26 फेब्रुवारी 1935 रोजी डेव्हेंट्री येथील बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाच्या क्षेत्रातून एक हेफर्ड बॉम्बफेकी विमान उडवण्यात आले आणि एका शेतात उभ्या असलेल्या गाडीतील ग्राहकाने सुमारे आठ मैलांपर्यंत त्याचा माग लावला. रडारचा ब्रिटिश इतिहास इथून सुरू होतो. (जर्मनी, अमेरिका आणि इतर देशांतही याच सुमारास स्वतंत्रपणे असे प्रयोग चालू होते, हे ब्रिटिश कथनात बहुधा गाळले जाते.) 1940 च्या हवाई लढाईत इंग्लंडच्या किनाऱ्यावरील उंच मनोऱ्यांच्या साखळीने काय साधले, ते सर्वज्ञात आहे. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन बनवला, ज्यामुळे दहा सेंटिमीटरच्या लहरी भरपूर शक्तीने सोडता येऊ लागल्या, गुणोत्तरातील वरचा आकडा एकदम घटला आणि रडार विमानात मावू लागले. रेडिओलहरींनी पाणी तापवण्याचा मूळ प्रश्नही या मॅग्नेट्रॉननेच अखेर सोडवला. फक्त पाच किलोमीटरच्या जागी अंतर वीतभर आले आणि वैमानिकाच्या जागी मायक्रोवेव्ह ओव्हनमधला वरणभात.

यानंतर जे घडले ते मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. फेब्रुवारी 1942 मध्ये शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाऊ या जर्मन युद्धनौका इंग्लिश खाडीतून भरदिवसा निसटून गेल्या आणि जर्मनांनी ब्रिटिश रडार जाणूनबुजून बधिर केल्याचे उघड झाले. असा अडथळा पुन्हा येतो काय, यावर नजर ठेवण्याचे काम स्टॅनली हे (‘हे’ म्हणजे Hey, त्यांचे आडनाव) या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. महिनाअखेरीस, 26 ते 28 तारखांच्या दरम्यान, चार ते सहा मीटर तरंगलांबीच्या विमानविरोधी रडारवर देशभरातून जोरदार गोंगाटाच्या तक्रारी आल्या. हे यांनी त्या तक्रारींतील दिशा तपासल्या, तेव्हा गोंगाटाचा स्रोत दिवसभर आकाशात सूर्याबरोबर सरकत असल्याचे दिसले, आणि ग्रीनिचच्या वेधशाळेकडे चौकशी केल्यावर सूर्यबिंबावर त्या दिवसांत एक प्रचंड डाग असल्याचे कळले. शत्रूचा म्हणून शोधलेला प्रक्षेपक म्हणजे साक्षात सूर्य होता. युद्धकाळातील गुप्ततेमुळे हा शोध 1946 पर्यंत खुल्या शास्त्रीय नियतकालिकात येऊ शकला नाही. आकाशगंगेतून रेडिओलहरी येतात हे कार्ल जान्स्की यांनी दहा वर्षे आधी दाखवले होते खरे, पण खगोलशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. युद्ध संपताच निरुद्योगी झालेली रडारयंत्रे आणि ती हाताळणारे तरुण यांच्यामुळे मात्र इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र झपाट्याने उभे राहिले.

सिडनीची रेडिओभौतिकी प्रयोगशाळा मुळात युद्धकाळात रडारसाठी स्थापन झालेली. 1953 मध्ये गोविंद स्वरूप नावाचा चोविशीतील भारतीय तरुण तिथे शिकायला गेला, आणि पॉट्स हिल येथे सूर्याच्या वेधांसाठी उभारलेल्या सहा फुटी 32 तबकड्या कामातून निघाल्यावर त्या भारताला मिळाव्यात यासाठी त्याने खटपट केली. 1965 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने त्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. पुढे उटीची दुर्बीण झाली, आणि मग जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, पुण्याच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरवर, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ‘जीएमआरटी’ ही महाकाय मीटरलहरी दुर्बीण. तबकड्या पंचवीस किलोमीटर परिसरात इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पसरलेल्या का, याचे उत्तर आपण मघाशी पाहिलेलेच गुणोत्तर देते: मीटरभर लांबीच्या लहरींनी आकाश बारकाईने पाहायचे तर अँटेना किलोमीटरांत मोजण्याएवढी रुंद हवी. तेवढी अखंड तबकडी बांधणे अशक्य असल्याने विखुरलेल्या तबकड्यांचे संदेश एकत्र जुळवून तिचे काम साधले जाते. भरीव पत्रा न वापरता तारांच्या जाळीची हलकी तबकडी वापरण्याची स्वरूप यांची युक्तीही मीटरलहरींमुळेच चालते, कारण या लहरींना जाळीची छिद्रे जाणवत नाहीत. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, शाळकरी मुलांनी भरलेल्या बस खोडदला जातात. हे यांच्या नोंदींचा अखेरचा दिवसही तोच, हा निव्वळ योगायोग असला तरी तिथल्या फलकावर लिहिण्याजोगा आहे.

खोडदपासून फार दूर नाही अशा आर्वीच्या उपग्रह भूकेंद्राला पोचणारी वाटही रडारवरूनच जाते. ब्रिटिश हवाई दलात रडारच्या साह्याने विमाने उतरवण्याच्या तंत्रावर काम करणारे आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर 1945 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या परिवलनाएवढ्याच वेळात होते, त्यामुळे तो जमिनीवरून स्थिर भासतो, आणि असे तीन उपग्रह जवळपास साऱ्या जगाला जोडू शकतील, हा त्या लेखाचा गाभा होता. तिथवर वस्तू नेण्याचा भरवसा त्यांना लंडनवर आदळलेल्या व्ही-2 या जर्मन अग्निबाणांनी दिला होता, जे बनवताना छळछावण्यांतील हजारो कैदी मेले. क्लार्क यांचे उपग्रह मात्र माणसे राहणारे होते, कारण निर्वात नलिका जळल्या की बदलणार कोण! या कल्पनेचे एकस्व (पेटंट) त्यांनी घेतले नाही, याची हळहळ त्यांनी पुढे विनोदाने व्यक्त केली.

विज्ञानकथा भविष्य वर्तवतात, या लोकप्रिय समजाचा क्लार्क हा नेहमीचा पुरावा असतो. मला तो पटत नाही. भूस्थिर कक्षेचे वर्णन हेर्मान पोटोच्निक यांच्या 1920 च्या दशकाअखेरच्या पुस्तकात आधीच होते. बेल प्रयोगशाळेच्या जॉन पिअर्स यांनी, जे स्वतः टोपणनावाने विज्ञानकथा लिहीत, 1950 च्या दशकाच्या मध्यास उपग्रह संदेशवहनाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा क्लार्क यांचा लेख त्यांनी वाचलेला नव्हता. 1963 मध्ये ‘सिनकॉम-2’ हा संदेशवहन उपग्रह वर गेला तो ट्रान्झिस्टर, सौरघट आणि शीतयुद्धातील क्षेपणास्त्रे यांच्या बळावर. अचूक कल्पना अठरा वर्षे तशीच पडून राहिली, आणि साफ चुकीच्या मृत्युकिरणाने महिनाभरात रडार दिले. कारण त्या चुकीमागे घाबरलेले सरकार होते आणि समोर कागदपेन्सिल घेऊन बसलेला विल्किन्ससारखा माणूस होता. तरी 1970 च्या दशकाच्या आरंभी आर्वीला सुमारे तीस मीटर व्यासाची तबकडी असलेले, पुढे विक्रम साराभाई यांचे नाव मिळालेले भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशी दूरध्वनी हिंदी महासागरावरील उपग्रहामार्फत जाऊ लागले, तेव्हा कक्षा तीच होती.

मृत्युकिरण तेवढ्याने संपला नाही. 23 मार्च 1983 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी अवकाशातून क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या संरक्षणकवचाची घोषणा केली, आणि या धोरणाला उत्साहाने पाठिंबा देणाऱ्यांत लॅरी निव्हन, जेरी पुर्नेल आणि रॉबर्ट हाइनलाइन हे विज्ञानकथालेखक होते. क्लार्क विरोधात होते. 1984 मध्ये निव्हन यांच्या घरी झालेल्या बैठकीत हाइनलाइन यांनी, अमेरिकेच्या संरक्षणाविषयी परदेशी माणसाने बोलू नये अशा अर्थाचे त्यांना सुनावले आणि जुन्या मैत्रीत अंतर पडले. या वेळी कागदपेन्सिलीचे काम अमेरिकन फिजिकल सोसायटीने केले: अशी शस्त्रे शक्य आहेत की नाही एवढे ठरवायलाही दहा वर्षे किंवा अधिक संशोधन लागेल, असा तिच्या 1987 च्या अहवालाचा निष्कर्ष होता. आज लहान ड्रोनपुरते मात्र गणित जमू लागले आहे. लेझरची तरंगलांबी एक मायक्रोमीटरच्या आसपास असल्याने तीस सेंटिमीटरचा आरसा पाच किलोमीटरवर, आदर्श हवेत, दोन सेंटिमीटरहूनही लहान ठिपका पाडू शकतो. त्यामुळे 13 एप्रिल 2025 रोजी डीआरडीओने कर्नूल येथे ड्रोन पाडले ते 39,000 मेगावॉटच्या नव्हे, 30 किलोवॉट वर्गाच्या लेझरने.

खोडदच्या दुर्बिणीपुढे आता वेगळीच अडचण आहे. ही जागा निवडताना शहरी रेडिओ गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला असणे महत्त्वाचे मानले गेले. पण डोंगर वरून येणारा आवाज अडवू शकत नाहीत. 2023 मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीने स्टारलिंकच्या उपग्रहांमधून 110 ते 188 मेगाहर्ट्झ दरम्यान अनाहूत लहरी बाहेर पडत असल्याचे नोंदवले. त्या लहरी संदेश म्हणून सोडलेल्या नव्हत्या, आतील विद्युतमंडलांतून गळत होत्या. जीएमआरटीचा एक कामाचा पट्टा 150 मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात बसून ही दुर्बीण वापरणाऱ्यांना त्यामुळे दीर्घिकेचा क्षीण संदेश आणि डोक्यावरून सरकणाऱ्या स्रोताचा गोंगाट वेगळे काढण्याचे काम सतत करावे लागते. आकाशात सरकणारा स्रोत नेमका कोणता, हे दिशेवरून ओळखण्याची ही रीत 1942 मध्ये हे यांनी वापरलेल्या रीतीहून तत्त्वतः निराळी नाही. तेव्हा स्रोत एक होता, आता ते हजारोंनी आहेत.