टोमॅटो फुटतोय? फळाबरोबर पाण्याचा हिशोबही आणा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

तोडे सुरू असताना वळवाचा एक पाऊस पडला की आमच्या रोपवाटिकेच्या काउंटरवर तडकलेले टोमॅटो यायला लागतात. सोबत दोनपैकी एक वाक्य असतं. "यावर काहीतरी फवारायला द्या", नाहीतर "यंदा रोपंच हलकी दिलीत." दोन्हींचं उत्तर या कागदावर देतो आहोत.

फळ फुटणं हा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशकाने ते थांबत नाही. तड्यातून पुढे बुरशी शिरते, पण ती नंतरची गोष्ट. फळ रंगावर यायला लागलं की सालीचं ताणणं कमी होतं, आतला गर मात्र पाणी ओढतच राहतो. जमीन कोरडी पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं की गर फुगतो आणि साल फाटते. देठापासून खाली उभे तडे असतील तर आधी पाणी तपासा. देठाभोवती गोल भेगा असतील तर पाण्याबरोबर पानांची सावलीही बघा. खालची पानं आणि फुटवे एकदम काढून फळं उघडी पाडली, तर तापलेली साल लवकर तडकते.

आता मुख्य चूक. दोन-तीन दिवस पाणी चुकतं आणि चौथ्या दिवशी आपण ते भरून काढतो. कारणं आम्हालाही माहीत आहेत: एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री, मध्येच मोटार जळते, कॅनॉलची पाळी लांबते. पण चुकलेलं पाणी टोमॅटोला भरून देता येत नाही. रोज एक तास ड्रीप चालत असेल आणि तीन दिवस बंद राहिलं, तर चौथ्या दिवशी चार तास सोडू नका. नेहमीचा एकच तास द्या, तोही जमलं तर सकाळ-संध्याकाळ निम्मा-निम्मा. रात्रपाळीच्या आठवड्यात जास्त जपा. रात्री पानांतून बाष्प कमी जातं, मग मुळांनी ओढलेलं पाणी फळात दाटतं आणि सकाळी प्लॉटमध्ये ताजे तडे दिसतात. म्हणून वीज आल्या आल्या व्हॉल्व्ह उघडण्यापेक्षा पहाटेच्या टप्प्यात पाणी द्या.

किती द्यायचं हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. मुरमाड रानाला रोज थोडं लागतं, काळ्या रानाला दिवसाआड चालतं. मल्चिंग पेपरखाली चार बोटं उकरून माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि हाताला चिखल लागला नाही, तर वाफसा, म्हणजे हवी तेवढी ओल आहे. काळ्या जमिनीला भेगा दिसल्या तर पिकाला ताण आधीच बसलेला आहे, तिथे पाणी हळूहळूच वाढवा. आणि पावसाचा रंग दिसला की तळाशी गुलाबी छटा धरलेली फळं आधी तोडा. ती क्रेटमध्येही पिकतात, लांबच्या बाजाराला तर तशीच लागतात.

कॅल्शियम, बोरॉन आमच्याकडे मिळतं, आणि एक बाटली देऊन मोकळं होणं आम्हाला सोपं आहे. पण फुटलेलं फळ कशानेही सांधत नाही. कॅल्शियम फळात जातं ते मुळांकडून, पाण्याबरोबर. पानावर मारलेलं फळात फारसं उतरत नाही. म्हणून फळं सुपारीएवढी असल्यापासून कॅल्शियम नायट्रेट ड्रीपमधून द्या. 12:61:00, 0:52:34 ही स्फुरदाची खतं किंवा सल्फेटवाली खतं यांच्याबरोबर एकाच टाकीत टाकू नका, साका (गाळ) बसून ड्रीपर बंद पडतात. 20 टक्केवालं बोरॉन फुलोऱ्यात फवारा, लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. फळं वाढताना युरियाचा हात आखडता ठेवा.

रोपांबद्दलही बोलू. साल जाड की पातळ हे वाणावर ठरतं, हे खरं. मोठ्या गोल फळाचे, पातळ सालीचे वाण जास्त फुटतात, म्हणूनच बुकिंगच्या वेळी आम्ही रान, पाण्याची सोय आणि तोडा कोणत्या महिन्यात येणार हे विचारतो. काहींना ते नसती चौकशी वाटते. पण कोरेगावच्या बागायती रानाला जो वाण देऊ, तोच माण-खटावच्या मुरमाड माळाला देणं आम्हाला पटत नाही. एकाच लॉटची रोपं बांधाला बांध असलेल्या दोन रानांत जातात, एकात फळ फुटतं आणि दुसऱ्यात नाही, हे आम्ही बघत आलो आहोत.

तेव्हा तक्रार घेऊन येताना फळाबरोबर एवढं आणा: लागणीची तारीख, वाणाचं नाव, आणि मागच्या दहा दिवसांत कोणत्या दिवशी किती वेळ पाणी दिलं. वहीच्या पानावर लिहिलेलं चालेल. हे नसलं की आमचा अर्धा तास विचारपूस करण्यात जातो आणि मागे रोपं उचलायला आलेल्या गाड्या खोळंबतात.

आमच्याकडून रोपं नेलेल्यांच्या प्लॉटवर पहिल्या तोड्याआधी आम्ही एकदा येऊन जातो, त्याचे पैसे घेत नाही. वीस-पंचवीस फळं सुपारीएवढी झाली की फोन करा. 25 आणि 30 मायक्रॉनचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर शिल्लक असतो, पण उन्हाळी लागणीसाठी हवा असेल तर रोपांबरोबरच सांगून ठेवा.