महिला मंडळ की सखी मंडळ? बडोद्यात होणारा नेहमीचा घोळ

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, कुठेही चार बायका जमल्या की हल्ली एक प्रश्न निघतोच, "काकू, आपलं मंडळ एवढं जुनं आहे, मग आपल्याला ते बँकेचं लोन का नाही मिळत?" नाही मिळत, कारण ते लोन सखी मंडळाला मिळतं. सखी मंडळ म्हणजे पुण्या-मुंबईच्या वहिनी ज्याला बचत गट म्हणतात तेच.

फरक बघायचा तर पैसा कुठे जातो ते बघा.

महिला मंडळाची वर्गणी बाहेर जाते. हळदीकुंकू, भोंडला, मंगळागौर हे तर असतंच, पण त्यातनंच कुणाच्या मुलीची फी, कुठे शिवणाचा क्लास, कुठे वह्यावाटप असं निघतं. नोंदणी करायची तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली, निदान सात जणी लागतात, आणि गुजरातेत त्याच्या जोडीला चॅरिटी कमिशनरकडेही ट्रस्ट म्हणून नोंद होते. बऱ्याच मंडळांची नोंदणीच नसते, तरी वर्षानुवर्षं मस्त चालतात ती गोष्ट वेगळी.

आणि ही सेवेची परंपरा बडोद्यात साधीसुधी नाही हं. १९१४ मध्ये चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झालं, बायकांच्या हाताला काम शिकवायचं आणि चार पैसे त्यांचे त्यांना मिळायला हवेत, हा हेतू. (ह्या चिमणाबाई दुसऱ्या, देवासच्या घाटग्यांच्या, बडोद्याचे महाराज सयाजीराव ह्यांची दुसरी पत्नी. रावपुऱ्यातला १८९६ चा टॉवर पहिल्या चिमणाबाईंच्या नावाचा, त्या १८८५ मध्येच गेल्या. बडोद्यात जन्म काढलेली माणसंसुद्धा इथे चुकतात.) १९११ मध्ये ह्या दुसऱ्या चिमणाबाईंनी बायकांच्या स्थितीवर एक इंग्रजी पुस्तकही सहलेखनात काढलं होतं. पुढे १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच्या अध्यक्ष ह्याच. परिषद जमली होती मुलींच्या शिक्षणासाठी, पण शाळेत पोरगी टिकेना कारण तिचं लग्नच लहानपणी होतंय, म्हणून बालविवाहाच्या प्रश्नात पडावंच लागलं आणि १९२९ चा सारडा कायदा व्हावा म्हणून ह्या बायकांनी चांगलाच जोर लावला. भोंडल्याच्या खिरापतीत अडकलेल्या आजच्या मंडळांनी हे जरा वाचावं असं माझं मत, रागवा हवं तर.

सखी मंडळाचा पैसा मात्र आतच फिरतो. दहा ते वीस जणी, शक्यतो एका घरातली एकच, ठरलेली रक्कम दर आठवड्याला किंवा महिन्याला टाकायची, सतरंजीवर बसून पासबुकात तिथल्या तिथे नोंद, आणि जिला नड असेल तिला त्यातूनच कर्ज, व्याजाचा दर सगळ्यांनी मिळून ठरवलेला, जमा होणारं व्याजही गटाचंच. नाबार्ड ह्या शेती-ग्रामविकासाच्या बँकेनं १९९२ मध्ये ५०० गटांवर प्रयोग करून बँकांशी जोडायची ही पद्धत बसवली, गुजरातनं २०१० पासून मिशन मंगलम ह्या सरकारी योजनेतून तिला जोर दिला. गट निदान सहा महिने नीट चालला, वही चोख असली की बँक कर्जासाठी दारात उभी करते, आणि २० लाखांपर्यंत तारण मागत नाही. म्हणजे बँक बघते ती तुमची वही, तुमचं समाजकार्य नाही.

भिशी ह्या दोन्हींत येत नाही, ती फक्त चिठ्ठीवर पैसे आळीपाळीनं घ्यायची सोय.

मंडळातल्या काही जणींना पापड-मसाल्याचा धंदा काढायचाच असेल तर मंडळ मोडू नका, त्यातल्याच दहा-बारा जणींचा वेगळा गट करा, खातं वेगळं, रजिस्टर वेगळं, आणि हळदीकुंकवाची वर्गणी त्यात चुकूनही घालू नका, नाहीतर मार्चमध्ये खजिनदारबाई दोन्हीकडचा हिशोब लावत बसतील आणि वर दोन्हीकडच्या बायकांच्या शिव्या खातील.