उपचार-तुलना संशोधन आणि सार्वजनिक निधी

एकाच आजारावरच्या दोन उपचारांपैकी किंवा तपासण्यांपैकी रुग्णाला खरोखर कोणती जास्त उपयोगी पडते, हे ताडून पाहणाऱ्या संशोधनाला सरकारी तिजोरीतून मिळणारा पैसा. नव्या औषधाची चाचणी कंपनी करते, पण दोन जुनी, स्वस्त औषधे समोरासमोर ठेवण्यात कुणालाच नफा नसतो. अमेरिकेने २००९ साली अशा संशोधनासाठी ११० कोटी डॉलर मंजूर केले. भारतात हा भार मुख्यतः भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेवर आहे. २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतील ४६४ कोरोनाग्रस्तांवर परिषदेने घेतलेल्या चाचणीत प्लाझ्मा (कोरोनातून बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव) देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. तरी दुसऱ्या लाटेत प्लाझ्मासाठी नातेवाइकांची धावपळ चालूच होती; उपचारांच्या यादीतून तो मे २०२१ मध्ये वगळला गेला.

मराठवाड्यातले ठळक उदाहरण उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याचे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी बरी, हे पाहायला १९९९ पासून इथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गावांच्या समूहांनुसार चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचा शोध), दुसऱ्यात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्यात सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला प्रचलित सेवा, म्हणजे व्यवहारात तपासणी नाहीच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटात ३४ आणि चौथ्या गटात ६४ मृत्यू झाले; उरलेल्या दोन्ही पद्धतींत चौथ्या गटाच्या तुलनेत मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. तपासणीविना ठेवलेल्या ३१ हजारांवर बायकांवरून पुढे मोठा वाद झाला, आणि तो गैरलागू नव्हता.

बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी हे काम केले. पैसा मात्र सरकारी नव्हता, गेट्स फाउंडेशनचा होता. २०१६ साली केंद्राने देशभरासाठी आम्ल लावण्याची पद्धत निवडली, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि निकाल जागच्या जागी कळतो. मुंबईतल्या चाचणीत याच पद्धतीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. त्या चाचणीला सरकारी निधी होता, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा.