जनुकीय वैविध्य, किरणोत्सर्ग आणि कर्करोगाचा धोका

क्ष-किरण, गॅमा किरण किंवा किरणोत्सारी पदार्थांतून बाहेर पडणारे कण शरीरावर आदळले की कर्करोगाचा धोका वाढतो. मात्र मात्रा तेवढीच असली तरी हा धोका सगळ्यांचा सारखा वाढत नाही. वय, लिंग, किरण कोणत्या अवयवावर पडले आणि माणूस धूम्रपान करतो का, या गोष्टींचा त्यात वाटा असतो. त्यांच्या जोडीला आईवडिलांकडून आलेल्या जनुकांतील फरकही असतात. काही मोजक्या माणसांत या फरकांचा परिणाम प्रचंड होतो, तर बहुतेकांत तो मोजताही येणार नाही इतका किरकोळ असतो. या दोन गटांची गल्लत झाली की विनाकारण भीती पसरते, आणि ज्यांना खरोखर जपायला हवे ती मुले मात्र नजरेतून सुटतात.

पेशीला १ ग्रे (शोषलेल्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मात्रा मिळाली तर तिच्या डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो, आणि दोन्ही धागे एकाच जागी सुमारे ३५ ते ४० ठिकाणी तुटतात. एकेरी तूट भरून काढणे पेशीला सोपे जाते, कारण समोरचा धागा नमुन्यासारखा वापरता येतो. दुहेरी तूट घातक असते. चुकीची टोके एकमेकांना जोडली गेली तर गुणसूत्राचा तुकडा गळतो किंवा भलत्याच गुणसूत्राला चिकटतो. अशी तूट झाल्याचे एटीएम नावाचे प्रथिन ओळखते आणि पेशीचे विभाजन थांबवते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिने दुरुस्तीच्या कामात असतात. दुरुस्ती आवाक्याबाहेरची असेल तर पी-५३ हे प्रथिन पेशीला मरायला लावते. यांपैकी एखाद्या प्रथिनाचे जनुक जन्मतःच सदोष असेल, तर तेवढ्याच किरणांतून जास्त बिघाड मागे उरतो.

क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत कायमचे बदल, होतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली फळमाशीवर दाखवून दिले. माणसातील धोक्याचा अंदाज मुख्यतः हिरोशिमा आणि नागासाकी येथील बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या लोकांच्या दीर्घ पाहणीतून आला आहे. तिशीत असताना १ ग्रे मात्रा मिळालेल्या माणसाला सत्तरीत घन गाठींचा कर्करोग होण्याचे प्रमाण, किरण न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ४७ टक्क्यांनी जास्त आढळले. लहान वयात किरण लागलेल्यांना आणि स्त्रियांना धोका अधिक होता. हा आकडा मोलाचा आहे, पण तो सरासरीचा आहे. त्या सरासरीत कोणाची पेशी दुरुस्तीत तरबेज होती आणि कोणाची कमकुवत, हे दिसत नाही. किरणांपासून संरक्षणाचे नियम जगभर या सरासरीवर उभे आहेत.

सरासरीच्या आड काय दडते, ते रेटिनोब्लास्टोमा या बालकर्करोगात सर्वांत स्पष्ट दिसते. दृष्टिपटलाची ही गाठ बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होते आणि साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळात आढळते. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी चमकते, आणि बरेचदा ते आईच्याच लक्षात प्रथम येते. तेराव्या गुणसूत्रावरील आरबी-१ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की ही गाठ तयार होते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली असा तर्क मांडला की आनुवंशिक प्रकारात एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते, त्यामुळे दुसरी बिघडण्याचाच काय तो अवकाश असतो. सुमारे ४० टक्के मुलांत हा आनुवंशिक प्रकार असतो. त्यांच्या डोळ्यातच नव्हे, तर हाडात, स्नायूत, त्वचेत, सगळीकडेच पेशींजवळ एकच धड प्रत असते.

विसाव्या शतकात डोळा वाचवण्यासाठी या मुलांना बाहेरून किरणोपचार देत असत. गाठ विरघळे, दृष्टी टिके. मग दहा, वीस, तीस वर्षांनी त्याच चेहऱ्याच्या हाडात किंवा कपाळाच्या मऊ ऊतीत नवा कर्करोग उभा राही. न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथे उपचार झालेल्या १,६०१ जणांच्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. निदानानंतरच्या ५० वर्षांत नवा कर्करोग होण्याचे प्रमाण आनुवंशिक प्रकारात ३६ टक्के होते, तर अनुवंशिक नसलेल्या प्रकारात ५.७ टक्के. आनुवंशिक गटातच किरणोपचार मिळालेल्यांत ते ३८.२ टक्के आणि न मिळालेल्यांत २१ टक्के होते. म्हणजे सदोष जनुकाचा धोका मुळात मोठा होता आणि किरणांनी त्यात भर घातली. अनुवंशिक नसलेल्या प्रकारात धोका मुळातच फार कमी राहिला. वर्षाच्या आत किरण मिळालेल्या बाळांना विशेष हानी झाल्याचे इतर अभ्यासांत दिसले. त्या काळच्या डॉक्टरांनी समोरच्या बाळाची दृष्टी वाचवली आणि ते योग्यच केले. पुढचे चित्र दिसायला काही दशके जावी लागली. १९९० च्या दशकापासून औषधोपचार, लेसर आणि गोठवण्याच्या पद्धती पुढे आल्या आणि बाहेरून दिला जाणारा किरणोपचार शेवटचा पर्याय झाला.

गोर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक विकारात पीटीसीएच-१ हे जनुक सदोष असते आणि काही मुलांना मेंदूत गाठ येते. किरणोपचार घेतलेल्या अशा मुलांच्या त्वचेवर, नेमक्या किरणांच्या पट्ट्यात, थोड्याच वर्षांत बेसल पेशींच्या (त्वचेच्या कर्करोगाच्या) शेकडो गाठी उमटतात. ली-फ्रॉमेनी सिंड्रोममध्ये पी-५३ चे जनुक सदोष असते, आणि तिथेही किरणोपचारानंतर त्या भागात नवा कर्करोग होण्याची भीती असते. म्हणून अशा घराण्यांत शक्य तिथे शस्त्रक्रियेला प्राधान्य देतात आणि तपासणीसाठी क्ष-किरणांवर चालणाऱ्या सीटी स्कॅनऐवजी, असे किरण न लागणारा एमआरआय वापरतात.

अ‍ॅटॅक्सिया-टेलॅन्जिएक्टेशिया या विकारात एटीएम जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. मूल चालायला लागले की त्याचा तोल जातो, पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागात लालसर रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) किंवा रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका फार मोठा असतो. या मुलांना नेहमीच्या मात्रेत किरणोपचार दिला असता जीवघेणी हानी होते, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यांच्या पेशीच किरणांना अतिसंवेदनशील असतात, हे १९७५ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाले. जनुक मात्र १९९५ साली तेल अवीवमधील योसेफ शिलो यांच्या गटाने शोधले. मूल आजारी पडायला दोन्ही पालकांकडून सदोष प्रत यावी लागते. आतेमामे भावंडांत लग्ने करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे, आणि अशा जोडप्यांत तीच सदोष प्रत दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. घरात असे एक मूल असेल तर पुढच्या लग्नाआधी आणि गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घेणे, हे त्या कुटुंबाने स्वतःसाठी करण्यासारखे सर्वांत मोठे काम आहे.

सूर्यकिरणांतील अतिनील किरण क्ष-किरणांसारखे आयनीकारक, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन उडवणारे, नसतात, पण तर्क तोच आहे. झेरोडर्मा पिगमेंटोसम या विकारात अतिनील किरणांनी झालेले नुकसान पेशीला दुरुस्त करता येत नाही. या मुलांना लहानपणीच त्वचेचा कर्करोग होतो. त्यांना दिवसा उन्हापासून पूर्ण झाकून ठेवावे लागते.

एटीएमची एकच सदोष प्रत असलेली माणसे धडधाकट असतात. शे-दोनशे माणसांत असे एखादे सापडते. अशा स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण स्त्रियांच्या दोन ते तीन पट असतो. किरणांनी तो आणखी किती वाढतो, याचे उत्तर जनुकात नेमका कोणता बदल आहे यावर अवलंबून आहे. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ सदोष असलेल्या स्त्रियांच्या फ्रान्स, ब्रिटन आणि नेदरलँड्समधील पाहणीत (२०१२) तिशीच्या आत छातीवर तपासणीचे क्ष-किरण घेतलेल्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका न घेतलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. म्हणूनच अशा तरुण स्त्रियांची तपासणी एमआरआयने सुरू करतात. पण ज्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झालेलाच आहे, तिने या बातमीने घाबरून किरणोपचार सोडू नये. तिथे उपचाराचा फायदा नव्या कर्करोगाच्या शक्यतेपेक्षा सहसा कितीतरी मोठा असतो.

आणखी एक दाखला इस्रायलचा आहे. १९५० च्या दशकात डोक्यावरील गजकर्णासाठी हजारो मुलांच्या टाळूला क्ष-किरण दिले गेले. त्यांतल्या काहींना पुढे मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ झाली. २००७ साली संशोधकांनी कुटुंबांची तुलना केली, तेव्हा किरण मिळालेल्या रुग्णांच्या ११ टक्के घरांत एकाहून अधिक जणांना हा आजार झाला होता, तर किरण न मिळालेल्या रुग्णांच्या घरांत जेमतेम १ टक्का. घराण्यात काहीतरी दुबळेपण होते आणि किरणांनी ते उघडे पाडले, असा त्याचा अर्थ लावला गेला. एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांतही फॉक्सई-१ जनुकाजवळचा एक फरक जास्त आढळला. तो फरक मात्र किरण न लागलेल्यांतही थायरॉइडचा धोका वाढवतो.

किरण लागल्याने पुढच्या पिढीत असे सदोष जनुक उतरते का, ही भीती लोकांना नेहमी वाटते. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या मुलांत असा वाढीव परिणाम सापडलेला नाही, आणि चेर्नोबिलच्या सफाईत व परिसरात किरण लागलेल्या पालकांच्या १३० मुलांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या तपासणीतही (२०२१) नव्या उत्परिवर्तनांची संख्या वाढलेली दिसली नाही.

भारतात हा प्रश्न केरळच्या किनाऱ्यावर शिकता येतो. कोल्लम जिल्ह्यातील करुनागपल्ली भागात वाळूतील मोनाझाइट या खनिजातल्या किरणोत्सारी थोरियममुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६९,९५८ रहिवाशांवर सरासरी साडेदहा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांच्यात १,३७९ कर्करोग आढळले, आणि किरणोत्सर्ग वाढला तसा कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राची एक प्रयोगशाळा कोल्लममध्ये आहे आणि ती तेथील नवजातांच्या नाळेच्या रक्तातील गुणसूत्रांचा अभ्यास करत आली आहे. पिढ्यान्‌पिढ्या थोड्या पण सततच्या किरणांत राहिलेल्या लोकांच्या दुरुस्तीच्या जनुकांची पद्धतशीर तुलना करायला यापेक्षा चांगली जागा क्वचितच असेल.