परदेशी विद्यार्थ्यांचे हक्क: पाहुणा ते ग्राहक

एकाच विषयाच्या पदव्युत्तर पदवीसाठी एक विद्यार्थी जर्मनीत गेला आणि दुसरा ऑस्ट्रेलियात, तर दोघांच्या वाट्याला येणारे हक्क फार वेगळे असतात. फरक शिक्षणाच्या दर्जाचा नाही. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला त्या देशाने कोण मानलं, यातून तो आला आहे.

अशा विद्यार्थ्याला संरक्षण देण्याची कल्पना जुनीच. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने विद्यार्थ्यांसाठी फर्मान काढलं: प्रवासात त्यांना अभय, आणि त्यांच्या देशबांधवांनी थकवलेलं कर्ज त्यांच्याकडून वसूल करायचं नाही. परक्या गावात एकट्या पडलेल्या मुलाला कशाची भीती असते, हे त्या फर्मानाने ओळखलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थी दोन देशांमधला दुवा ठरला. १९५१ पासून कोलंबो योजनेखाली, म्हणजे राष्ट्रकुल देशांनी आशियासाठी आखलेल्या मदत योजनेखाली, आशियातले तरुण शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडात शिकायला गेले. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाने विद्यापीठांची फी रद्द केली, ती परदेशी विद्यार्थ्यांसाठीही.

मग वारं फिरलं. ब्रिटनने १९६७ मध्येच परदेशी विद्यार्थ्यांची फी वेगळी केली होती; १९८० पासून नव्याने येणाऱ्यांना शिक्षणाचा पूर्ण खर्च भरावा लागू लागला. ऑस्ट्रेलियानेही ऐंशीच्या दशकात पूर्ण फी भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी दारं उघडली. विद्यार्थी आता ग्राहक झाला होता, आणि त्याला मिळालेलं संरक्षणही ग्राहकाचंच होतं. खासगी संस्था बंद पडून मुलांचे पैसे अडकू लागले तेव्हा ऑस्ट्रेलियाने १९९१ मध्ये कायदा केला, २००० मध्ये तो नव्याने लिहिला, आणि २०१२ पासून संस्था बुडाली तर दुसरीकडे प्रवेश किंवा उरलेल्या फीचा परतावा देणारी व्यवस्था उभी केली. ही व्यवस्था खरोखर चांगली आहे. पण ती फीची राखण करते, पोटाची नाही.

युरोपात गोष्ट न्यायालयात गेली. कॉमिक्सची कला शिकायला बेल्जियममधल्या लिएजला आलेल्या एका फ्रेंच विद्यार्थिनीकडून जादा फी मागितली गेली. १९८५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती भेदभाव करणारी ठरवली. २००१ मध्ये त्याच न्यायालयाने बेल्जियममधल्या आणखी एका फ्रेंच विद्यार्थ्याला तिथला किमान निर्वाहभत्ता नाकारता येणार नाही असं म्हटलं. पुढे या हक्कावर मर्यादा आल्या. २००८ च्या निकालाने निर्वाहासाठीच्या शिष्यवृत्तीला पाच वर्षांच्या वास्तव्याची अट मान्य केली. आणि हे सारं युरोपीय संघाच्या नागरिकांपुरतं. आशिया-आफ्रिकेतून आलेला मुलगा त्याच वर्गात बसला तरी या निकालांच्या बाहेरच राहिला.

जर्मनीची वाट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत विद्यार्थ्यांनी स्वतःच खाणावळी आणि मदतनिधी उभारले, आणि त्यातूनच आजच्या विद्यार्थी कल्याण संस्था घडल्या. प्रवेश घेतलेला प्रत्येक जण सेमिस्टरचं शुल्क भरतो आणि मेन्सा म्हणजे विद्यापीठाची खाणावळ, वसतिगृह, समुपदेशन यांच्यावर त्याचा हक्क लागतो, पासपोर्ट कुठलाही असो. मात्र व्हिसासाठी निर्वाहाचे पैसे बहुतेकदा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, आधीच दाखवावे लागतात, आणि २०१७ पासून बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना सेमिस्टरमागे १५०० युरो फी लावली आहे.

या साऱ्याची खरी कसोटी २०२० च्या साथीत लागली. अर्धवेळ कामं एका आठवड्यात गेली. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मायदेशी परतायला सांगितलं. केंद्राच्या वेतन-साहाय्य योजनेतून त्यांना वगळलं. कॅनडाने मात्र आपत्कालीन भत्त्याला नागरिकत्वाची अट ठेवली नाही. आधीच्या वर्षात किमान ५००० डॉलर कमावलेले आणि साथीमुळे काम गमावलेले परदेशी विद्यार्थीही त्याला पात्र होते. कर भरणाऱ्याला मदत मागता यावी, एवढा साधा न्याय त्यात होता.

ब्रिटनमध्ये २०१५ पासून व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी तो सुरुवातीला वर्षाला १५० पौंड होता, २०२४ मध्ये ७७६ झाला. तो भरल्यावर सार्वजनिक आरोग्यसेवा मिळते, घरभाडं किंवा बेकारीचा भत्ता मात्र नाही.